जास्त कोअर मागण्याआधी

रसायनशास्त्रात पीएचडीला प्रवेश घेतला तेव्हा महासंगणकाविषयी मला फारसे कुतूहल नव्हते. १९९१ साली परम ८००० हा महासंगणक घडवणारी सी-डॅक ही संस्था पुण्यातली, परम ब्रह्मा हा महासंगणक इथल्याच आयसर या विज्ञान संस्थेत उभा. पुण्यात राहणाऱ्याला या नावांचे अप्रूप उरत नाही. महासंगणकावरचे लॉगिन, कामे रांगेत लावणाऱ्या स्लर्म या प्रणालीची स्क्रिप्ट (कामाच्या सूचनांची फाइल), रांगेतली वाट पाहणे हे तुम्ही नवे संशोधक पहिल्या आठवड्यात शिकालच. लॉगिन नोडवर, म्हणजे जिथून सगळे आत शिरतात त्या सामायिक संगणकावर, गणित चालवू नका आणि स्क्रॅच या तात्पुरत्या साठ्यातल्या फाइली कायमच्या समजू नका, एवढे सांगून मुख्य गोष्टीकडे वळते.

मी अडकले ती कोअरच्या, म्हणजे एकाच वेळी हिशेब करणाऱ्या प्रोसेसरमधल्या भागांच्या, संख्येत. एका ज्येष्ठ सहाध्यायाची स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलून मी ३० हजार अणूंच्या प्रथिनाचे ग्रोमॅक्स या रेणूंच्या हालचालींचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधले सिम्युलेशन ४८० कोअरवर लावले. त्याची प्रणाली माझ्यापेक्षा कितीतरी मोठी होती, हे विचारण्याचे मला सुचलेच नाही. माझ्या गणितात प्रत्येक कोअरच्या वाट्याला जेमतेम साठेक अणू येत होते, त्यामुळे कोअर हिशेब करण्याऐवजी एकमेकांचे निरोप येण्याची वाट पाहत बसत. पुढे तेच गणित ४८ कोअरच्या एकाच नोडवर, म्हणजे महासंगणकातल्या एकाच संगणकावर, चालवले, तर ते अधिक वेगाने सरकले. तोवर आमच्या गटाच्या वाट्याचे बरेचसे कोअर-तास (कोअर गुणिले तास) संपले होते आणि मार्गदर्शकांसमोर मान वर करवत नव्हती.

यामागचे कारण संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडले. कामाचा ९५ टक्के भाग वाटून करता येत असला, तरी उरलेल्या पाच टक्क्यांमुळे वेग वीसपटीपलीकडे जाऊच शकत नाही. ४८ कोअरवर तो सुमारे १४ पट होतो आणि ४८० कोअरवर १९ पट. म्हणजे दहापट खर्च करून पदरात पडते ते एवढेच, आणि निरोपांच्या देवाणघेवाणीचा वेळ या हिशेबात धरलेलाही नाही. म्हणून खरे काम लावण्यापूर्वी तेच गणित १२, २४, ४८ आणि ९६ कोअरवर थोडा वेळ चालवून प्रत्येक वेळचा वेग नोंदवावा. कोअर दुप्पट करूनही वेग दीडपटसुद्धा वाढत नसेल, तर तिथेच थांबावे. या चाचणीला एक दुपार पुरते. ती टाळण्याचा आळस मला एक सत्र महाग पडला.

उसनी स्क्रिप्ट हा माझ्या मते संशोधनातला सर्वांत महाग शॉर्टकट आहे. या बाबतीत मार्गदर्शकांपेक्षा महासंगणक सांभाळणाऱ्या प्रशासकाकडे आधी जावे, कारण कोणाचे कोअर रिकामे बसले आहेत हे त्यालाच दिसते. मला वाटले होते तो झापेल. त्याने चहा मागवला आणि अशा चुका दर वर्षी होतात असे म्हणाला. वेळेची मागणीही वाजवी ठेवावी, असे त्यानेच सुचवले, कारण जिथे बॅकफिल चालू असते तिथे थोडक्या वेळाचे छोटे काम मोठ्या कामांच्या मधल्या फटीत लवकर बसते. त्या आठवड्यात मी नव्वद तासांऐवजी दहा-दहा तासांचे तुकडे केले, प्रत्येक तुकडा आधीच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे जतन केलेल्या टप्प्यापासून, सुरू केला, आणि पहिला तुकडा त्याच रात्री रांगेतून सुटला.