अनोव्हा आणि मल्टिपल रिग्रेशन: ऑनलाइन अभ्यासाची एक वाट

प्रबंधासाठी, बी.एड.च्या लघुसंशोधनासाठी किंवा शेतीतील प्रयोगांच्या नोंदी समजून घेण्यासाठी अनोव्हा (अनेक गटांच्या सरासऱ्यांची तुलना) आणि मल्टिपल रिग्रेशन (एका गोष्टीचा अनेक गोष्टींशी असलेला संबंध समीकरणात मांडणे) या दोन संख्याशास्त्रीय पद्धतींची गरज पडते. गोव्यातील वाळपई, पेडणे किंवा काणकोण येथून त्यासाठी रोज ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात जाणे ज्यांना जमत नाही, त्यांना ऑनलाइन अभ्यासाचाच आधार असतो. ऑनलाइन अभ्यासक्रमांत हे दोन विषय सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जातात आणि त्यामुळे ते दोन निराळे विषय आहेत, असा समज घट्ट होतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की, दोन्ही पद्धती एकाच विदेवर (म्हणजे नोंदवलेल्या आकड्यांवर), एकापाठोपाठ चालवून शिकाव्यात; कारण अनोव्हा हा रिग्रेशनचाच एक विशेष प्रकार आहे आणि हे एकदा हाताने पडताळून पाहिले की पुढचा निम्मा गोंधळ उरत नाही.

सुरुवातीला सरासरी, प्रमाण विचलन, नमुना व समष्टी यांतील फरक आणि पी-व्हॅल्यूचा अर्थ एवढे पक्के असावे. पी-व्हॅल्यू म्हणजे आपला निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता नव्हे; गटांमध्ये खरोखर काहीच फरक नसता, तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची ती शक्यता होय. हे वाक्य नीट उमगेपर्यंत पुढचा व्हिडिओ उघडू नये.

त्यानंतर कागद-पेन्सिल घ्यावी. वायंगणी (रब्बी हंगामातील) भाताचे १२ छोटे वाफे आहेत आणि त्यांतल्या चार-चार वाफ्यांना अ, ब, क अशी तीन वेगळी खते दिली आहेत, असे समजा. आकडे सरावासाठी मी रचलेले आहेत. अ गटाचे उत्पादन १०, १२, १२, १४ किलो. ब गटाचे १३, १५, १५, १७. क गटाचे १६, १८, १८, २०. गटांच्या सरासऱ्या १२, १५ आणि १८ येतात, तर सर्व वाफ्यांची सरासरी १५ येते. आता प्रत्येक गटाची सरासरी एकूण सरासरीपासून किती दूर आहे त्याचा वर्ग करून, तो गटातील वाफ्यांच्या संख्येने गुणून बेरीज घ्यावी: ४ × (९ + ० + ९) = ७२. ही गटांमधील वर्गांची बेरीज झाली. प्रत्येक वाफा आपल्या गटाच्या सरासरीपासून किती ढळला आहे, त्याच्या वर्गांची बेरीज प्रत्येक गटात ८, म्हणजे एकूण २४ येते. ही गटांतर्गत बेरीज. दोहोंची बेरीज ९६ होते आणि एकूण सरासरीपासून थेट मोजले तरी ९६च येते. ही पडताळणी प्रत्येकाने स्वतः करून पाहावी.

गट तीन असल्याने पहिल्या बेरजेची डिग्रीज ऑफ फ्रीडम (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) २, तर १२ वाफ्यांतून तीन सरासऱ्या वजा जाऊन दुसरीची ९. ७२ भागिले २ म्हणजे ३६. २४ भागिले ९ म्हणजे सुमारे २.६७, आणि ३६ ला २.६७ ने भागले की एफ (या दोन भागाकारांचे गुणोत्तर) १३.५ येतो. त्याची पी-व्हॅल्यू सुमारे ०.००२ आहे.

आता याच उदाहरणात सरासऱ्या तशाच ठेवून केवळ गटांतील विखुरणे तिप्पट करावे: अ गट ६, १२, १२, १८, ब गट ९, १५, १५, २१, क गट १२, १८, १८, २४. गटांमधील बेरीज ७२च राहते, परंतु गटांतर्गत बेरीज २१६ होते, एफ १.५ वर घसरतो आणि पी-व्हॅल्यू सुमारे ०.२७ होते. अनोव्हा सरासऱ्यांची तुलना करण्यासाठी विचरणाचा (विखुरण्याच्या मापाचा) आधार का घेतो, याचे उत्तर या एका बदलात आहे: सरासऱ्यांमधला फरक मोठा की लहान, हे गटाच्या आतल्या चढउतारांशी ताडूनच ठरते. ही पद्धत शेतातच घडली, हेही येथे सांगण्यासारखे आहे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रुजू झाले आणि १९२३ मध्ये बटाट्याच्या वाणांवर खतांचा काय परिणाम होतो, याचे विश्लेषण त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले. एफ हे अक्षर त्यांच्याच नावावरून आले.

हाताने केलेले गणित पुरे झाल्यावर संगणकाकडे वळावे. आर ही संख्याशास्त्रीय गणितासाठीची संगणक प्रणाली मोफत आहे. ज्यांना आज्ञा लिहिण्याचे दडपण वाटते त्यांच्यासाठी जामोवी आणि जास्प ही साधनेही मोफत मिळतात. मी आरचीच शिफारस करीन, कारण लिहिलेली आज्ञा जपून ठेवता येते आणि महिन्याभराने आपण नेमके काय केले होते, ते पुन्हा वाचता येते. वरचे १२ आकडे भरून आधी अनोव्हा चालवावा, मग त्याच आकड्यांवर एलएम ही रिग्रेशनची आज्ञा चालवावी. रिग्रेशन तीन आकडे देईल: १२, ३ आणि ६. पहिला आकडा म्हणजे अ गटाची सरासरी. पुढचे दोन म्हणजे ब आणि क हे गट अ पेक्षा किती वर आहेत ते. समरी ही आज्ञा दिली की खालच्या ओळीत तोच एफ, १३.५, आणि तीच पी-व्हॅल्यू दिसेल. आर-स्क्वेअर (एकूण चढउतारांपैकी समीकरणाने स्पष्ट केलेला वाटा) ०.७५ येईल, म्हणजेच ७२ भागिले ९६. संगणकाने गटांच्या जागी शून्य आणि एक अशा किमतींचे सूचक चल (वाफा त्या गटात आहे की नाही ते सांगणारे) वापरले, एवढेच घडले आहे.

पुढचा सराव आरमध्येच असलेल्या प्लांटग्रोथ या विदेवर करावा. त्यात ३० रोपांचे वजन असून एक नियंत्रण गट आणि दोन उपचार गट आहेत. एफ ४.८५ आणि पी-व्हॅल्यू सुमारे ०.०१६ येते. येथे नवखा विद्यार्थी ‘उपचारांचा परिणाम झाला’ असे लिहून मोकळा होतो. टुकी यांची जोडीनिहाय चाचणी केली की दिसते, की दोन उपचारांमध्ये आपसांत फरक आहे, पण त्यांपैकी एकाचाही नियंत्रण गटाशी सिद्ध होण्याजोगा फरक नाही. अनोव्हा केवळ ‘सर्व सरासऱ्या समान आहेत’ हे म्हणणे नाकारतो. कोणती कोणापेक्षा वेगळी, हे सांगत नाही. त्याऐवजी सुट्या टी-चाचण्या (दोन-दोन गटांची तुलना करणाऱ्या) लावाव्यात का? लावू नयेत. पाच गट असले तर दहा जोड्या होतात आणि त्या तुलना परस्परस्वतंत्र मानल्या, तर ५ टक्क्यांच्या पातळीवर निदान एक खोटा फरक सापडण्याची शक्यता ४० टक्क्यांपर्यंत जाते.

मल्टिपल रिग्रेशनमध्ये सर्वाधिक वेळ गुणांकांच्या (एक चल एकाने वाढला की उत्तर किती बदलते ते सांगणाऱ्या आकड्यांच्या) अर्थावर द्यावा. आरमधील एमटीकार्स या विदेत ३२ मोटारींची माहिती आहे. गॅलनमागे किती मैल जाते, याचा केवळ अश्वशक्तीशी संबंध लावला, तर गुणांक सुमारे −०.०६८ येतो, मोटारीचे वजनही समीकरणात घेतले की तोच गुणांक −०.०३२ वर येतो. अश्वशक्ती तीच, मोटारीही त्याच. फरक एवढाच की, दुसऱ्या समीकरणातला गुणांक ‘वजन सारखे असलेल्या मोटारींमध्ये’ अश्वशक्तीचा परिणाम सांगतो, तर पहिल्यात जड मोटारींना मोठे इंजिन असते, या वस्तुस्थितीचा भारही अश्वशक्तीवर पडलेला होता. प्रत्येक गुणांक वाचताना ‘बाकीचे चल स्थिर असताना’ हे शब्द मोठ्याने म्हणण्याची सवय लावावी. नमुन्यातून मिळालेला संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हा इशाराही येथेच लक्षात ठेवावा.

दोन स्पष्टीकरण चल एकमेकांशीच घट्ट बांधलेले असले, तर अडचण येते. खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या) जमिनीतील भाताच्या उत्पादनाचे समीकरण मांडताना मानशीपासूनचे (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारापासूनचे) अंतर आणि मातीतील क्षारता हे दोन्ही चल घेतले, आणि मानशीजवळच्या मातीत क्षार अधिक आढळले, तर कोणाचा वाटा किती, हे विदेला वेगळे करता येत नाही. गुणांकांच्या प्रमाणत्रुटी (अंदाजातील अनिश्चिततेची मापे) फुगतात आणि कधी चिन्हही उलटते. चल एकमेकांशी किती बांधलेले आहेत, ते सांगणारे व्हीआयएफ हे माप त्यासाठीच आहे. ते ५ च्या, निदान १० च्या वर गेले की थांबून विचार करावा, असा संकेत आहे. मात्र चल आंधळेपणाने गाळू नये, आपला प्रश्न कोणता होता ते आधी पाहावे.

मोरड (उंचावरील), खेर (मध्यम उंचीवरील, रेताड) आणि खाजन या तिन्ही प्रकारच्या जमिनींत तीच खते वापरली, तर दोन घटक एकत्र पाहणारा दुहेरी अनोव्हा लागतो. तेथे पहिला प्रश्न खत आणि जमीन यांच्या परस्परक्रियेचा असावा: मोरडीत उपयोगी पडलेले खत खाजनातही तेवढेच उपयोगी पडते का? आलेख काढून रेषा समांतर आहेत का, ते पाहावे. परस्परक्रिया ठळक असेल, तर ‘खताचा सरासरी परिणाम’ हा आकडा दिशाभूल करू शकतो.

येथेच ऑनलाइन शिकणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येतो: शिक्षक एसपीएसएस (संख्याशास्त्राची दुसरी संगणक प्रणाली) वापरतात, आपण आर, आणि त्याच विदेवर आकडे जुळत नाहीत. गटांतील नोंदींची संख्या असमान असली की असे होते. आरचा साधा अनोव्हा चल ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने वर्गांची बेरीज वाटतो, तर एसपीएसएस नेहमीच्या मांडणीत प्रत्येक चल इतर सर्व चलांनंतर मोजतो. ही कोणाची चूक नसते; आपण कोणती पद्धत वापरली, ते अहवालात लिहावे.

गृहीतके तपासताना मूळ आकडे नव्हे, तर रेसिड्युअल (प्रत्यक्ष आकडा आणि समीकरणाने दिलेला आकडा यांतील फरक) पाहावेत. त्यांचे विखुरणे सगळीकडे सारखे आहे का आणि त्यांचे वितरण साधारण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) आहे का, हे आलेखावरून कळते. नोंदी परस्परस्वतंत्र आहेत का, हे मात्र बहुधा कोणताही आलेख सांगत नाही आणि तेच गृहीतक सर्वांत महत्त्वाचे आहे. एकाच वर्गातील ४० विद्यार्थी एकाच शिक्षकाकडे शिकत असतील, तर त्या ४० स्वतंत्र नोंदी ठरत नाहीत.

अभ्यासक्रम निवडताना ‘स्वयम’ आणि एनपीटीईएल या सरकारी पाठबळाच्या ऑनलाइन शिक्षणमंचांवर शोध घ्यावा. शिकणे तेथे मोफत असून प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी शुल्क भरावे लागते. प्रत्येक व्हिडिओनंतर त्यातले उदाहरण व्हिडिओ बंद करून स्वतः सोडवावे. पावसाळ्यात वीज आणि नेट यांचा भरवसा नसतो, म्हणून टिपणे व विदा आधीच उतरवून ठेवावी. शेवटच्या टप्प्यावर स्वतःच्या विषयातील विदा घेऊन निष्कर्ष पूर्ण वाक्यांत लिहावा: गटांच्या सरासऱ्या, एफ, दोन्ही डिग्रीज ऑफ फ्रीडम, पी-व्हॅल्यू, आणि फरक किती मोठा आहे ते किलोत किंवा गुणांत, विश्वासांतरासह (खरा आकडा ज्या मर्यादांमध्ये असावा, त्या मर्यादांसह).