मेंढ्यांना मिनरल देताय? मग या चुका टाळा

हलक्या मुरमाड रानात चरणाऱ्या मेंढ्या खंगायला लागल्या की आपल्याला मिनरल मिक्श्चर, म्हणजे खनिजांचं मिश्रण आठवतं, आणि गाईंसाठी आणलेली पिशवी घरात असतेच, मग काय, त्यातलंच दोन मुठी टाकलं की झालं. नाही हो, मेंढ्या मरतात त्या यानंच!

गाईला लागतं म्हणून त्या पिशवीत असतं तेवढं तांबं (कॉपर) मेंढीला झेपत नाही. ते लिव्हरमध्ये महिनोनमहिने साठत जातं, बाहेरून जनावर ठणठणीत, आणि मग लांबची चाल किंवा उपास असा काही ताण आला की सगळं एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, दोन दिवसांत खेळ खलास. लेबलवर किलोला १००० मिलिग्रॅम कॉपर लिहिलंय असं धरा, मेंढीनं दिवसाला १० ग्रॅम चाटलं तर १० मिलिग्रॅम झालं, वर किलोभर सुक्या चाऱ्यातलं वेगळं. एकूण १५ मिलिग्रॅमच्या पुढं गेलं की धोका. शेळीचं मिश्रणही नको.

तांबं कमी पडलं तरी त्रास आहेच म्हणा, कोकरं मागच्या पायांनी लटपटतात, लोकरीचा कुरळेपणा जातो. पण नुसत्या माती परीक्षणावर जाऊ नका. मोलिब्डेनम (हेही एक खनिज) आणि गंधक जास्त असेल तर गवतात तांबं असूनही अंगी लागत नाही, आणि रानात चुना टाकला की मोलिब्डेनम वाढतं, वर कोबाल्ट हे खनिजही गवतात कमी येतं. रक्ताचा रिपोर्टही फसवा, साठा कळतो तो लिव्हरमध्ये, म्हणून कापलेल्या मेंढीच्या लिव्हरचा तुकडा डॉक्टरांमार्फत तपासून घ्या.

कोबाल्ट नसलं की पोटात बी-१२ जीवनसत्त्व तयार होत नाही, दूध सुटलेली कोकरं वाढत नाहीत, डोळ्यांतून पाणी गळतं. गंमत म्हणजे जंतांनीही कोकरं अशीच खंगतात! खालची पापणी ओढून बघा, पांढरीफटक दिसली तर आधी लेंड्या तपासा, मिनरलचं नंतर.

सेलेनियम हे आणखी एक खनिज इंजेक्शनातून, पाजायच्या औषधातून आणि मिश्रणातूनही जातं, तिन्हीची बेरीज करा, थोडं जास्त झालं तरी विषबाधा होते.

आणि मिठाला हपापलेल्या कळपापुढं एकदम मिश्रण ठेवू नका, मी ठेवलं होतं, दोन दांडग्या माद्यांनी अर्धं घमेलं फस्त केलं आणि बाकीच्या नुसत्या बघत राहिल्या. आधी चार-पाच दिवस साधं मीठ, जवळ भरपूर पाणी, मग मिश्रण, तेही दोन-तीन ठिकाणी, आणि वर आडोसा हवाच, भिजून दगड झालं की कोणी तोंड लावत नाही.