फेस्टिवलमधल्या बँडना नंबर कसे द्यायचे

सगळ्यात आधी, बँडचा सेट, म्हणजे स्टेजवरचा कार्यक्रम, संपला की तिथेच फोनमध्ये दोन ओळी टाइप करून ठेवा, कारण तीन दिवसांत पंधरा बँड बघितल्यावर डोक्यात नुसती खिचडी होते आणि शेवटचा हेडलायनर (मुख्य बँड) उगाच एक नंबर वाटायला लागतो. आवाज खराब म्हणून लगेच बँडला नावं ठेवू नका, दुपारच्या बँडला बहुतेकदा नीट साउंडचेक (आधी आवाज तपासून घेणं) मिळतच नाही, त्यामुळे पहिली दोन गाणी माफ. तुम्ही कुठे उभे होता तेही लिहा, मिक्सिंग डेस्कजवळ, म्हणजे साउंडवाला आवाज जुळवत बसतो तिथे, खरा आवाज कळतो. मी एका बँडला शेवटून दुसरा टाकलेला, नंतर लक्षात आलं की मी पूर्ण वेळ बास स्पीकरच्या तोंडाशीच होतो!

सेट छोटा म्हणून मार्क कापू नका, १९८५ च्या लाइव्ह एड या मोठ्या मदत-कॉन्सर्टमध्ये क्वीन हा रॉक बँड जेमतेम २१ मिनिटं वाजवून गेले नि लोक अजून तेच काढतात.

दहापैकी किती वगैरे मला झेपत नाही, सरळ दोन-दोन बँड समोरासमोर ठेवायचे, उद्या एकच परत बघायला मिळाला तर कोणता? तो वर. आणि मधेच गिटारची तार तुटली तरी ड्रमरने एकट्याने गर्दी नाचवत ठेवली, तर माझ्याकडून त्यांना एक पायरी बोनस.