मेट्रिक शिकवताना या चुका टाळा

तांत्रिक कर्मचाऱ्यांचं मेट्रिक, म्हणजे मीटर-किलो पद्धतीच्या मोजमापाचं प्रशिक्षण सहसा रूपांतराच्या तक्त्याने सुरू होतं. पहिली चूक तीच. इंच गुणिले २५.४ पाठ केलेला माणूस विचार इंचातच करतो आणि लिहितो तेवढं मिलिमीटरमध्ये. घाईत मधला गुणाकार राहूनच जातो. म्हणून मी पहिल्या दिवशी तक्ता बाजूला ठेवतो. फक्त मेट्रिक खुणांची पट्टी आणि कॅलिपर हातात देतो, आणि मोजण्याआधी अंदाज सांगायला लावतो: ही प्लेट किती मिलिमीटर जाड? हा ठोकळा किती किलोचा? दहा-बारा अंदाज चुकले की नजर बसायला लागते, आणि मग चुकीचा आकडा आपोआप खटकतो.

हे खटकणं किती मोलाचं, ते २३ जुलै १९८३ ला दिसलं. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाक्यांत ७,६८२ लिटर शिल्लक होतं. त्याचं वजन काढताना १.७७ ने गुणलं गेलं. हा आकडा पौंड प्रति लिटरचा, किलोसाठी ०.८ च्या आसपास हवा होता. उत्तर आलं १३,५९७. ते होते पौंड, धरले गेले किलो. गरजेच्या निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं, वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ते कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळावर तरंगत उतरवावं लागलं. सगळे वाचले. गुणाकार अगदी बरोबर होता! पण विमानाचं इंधन पाण्यापेक्षा हलकं असतं आणि लिटरभर पाणी एक किलो भरतं. मग लिटरभर इंधन पावणेदोन किलो कसं भरेल? नजर बसलेला माणूस इथेच अडला असता. म्हणून आकडेमोडीच्या प्रत्येक पायरीवर एकक लिहायला लावा, फक्त शेवटच्या ओळीत नको.

बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजताहेत? अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिमीच्या डोक्याला १३ चा पाना लावला जात असेल. नट दोन-तीन आट्यांनंतर अडला तर जोर लावू नका, आधी पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची पट्टी) लावा. बोल्ट ताणून तुटत असतील किंवा ढिले राहत असतील तर टॉर्क रेंचवरचं (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्यावरचं) एकक वाचा: किलोग्रॅम-बल मीटर आणि न्यूटन-मीटर यांत जवळजवळ दहापटीचा फरक आहे.

तापमानात तर अनुभवी माणसंही फसतात. अधिक-उणे ५ अंश सेल्सिअस ही सूट फॅरनहाइटमध्ये ९ अंशांची होते. ३२ मिळवून ४१ लिहिलं की संपलं. फरकाच्या रूपांतरात ३२ येतच नाही. क्षेत्रफळाचंही तसंच. एका चौरस मीटरमध्ये १०० नव्हे, १०,००० चौरस सेंटिमीटर असतात.

ड्रॉइंगवर सेंटिमीटर येऊच देऊ नका, सगळं मिलिमीटरमध्ये. चिन्हं लिहिताना छोटा एम म्हणजे मिली, मोठा एम म्हणजे मेगा. दोन्हींत १०० कोटी पटींचं अंतर आहे.

शेवटी परीक्षेत रूपांतराची गणितं घालू नका. एक चुकीचं एकक मुद्दाम पेरलेली जॉब शीट (कामाच्या सूचनांचा कागद) द्या आणि काम सुरू करण्याआधी कोण थांबून विचारतं ते पाहा.