मुगाचं घोटलेलं वरण, दोन अंडी आणि वजनकाटा

इंदूरला रामबागेत मी घरगुती डबे करते, रोजचे 22. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार, होऊन अकरा वर्षं झाली. मागच्या खेपेला आजार उसळला, दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागे, तेव्हा सासूबाईंनी मला पेजेवर ठेवलं. मायेनंच हो. पण तीन आठवड्यांत वजन 57 वरून 52 वर आलं आणि एका सकाळी कणकेची परात ओट्यावरून उचलवेना. त्या दिवशी डब्याच्या वजनकाट्यावर मी पहिल्यांदा स्वतःचं जेवण ठेवलं.

दिवसभराच्या पेजेत तांदूळ 100 ग्रॅम, म्हणजे प्रथिनं सात-आठ ग्रॅम. वाटीभर ताकाची दोनेक. झाले दहा. धडधाकट माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम लागतात, 52 किलोला 43. आजार उसळलेला असताना 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे मला 62 ते 78! सुजलेल्या आतड्यातून रक्त आणि प्रथिनं गळत असतात, सुजेपायी शरीर स्नायू मोडून वापरतं, त्यात स्टिरॉइड चालू असलं तर मोड आणखी. नेमक्या त्याच दिवसांत आपण पेज पितो.

तुमचाही आजार उसळला असेल तर आधी वजन करा आणि 1.2 ने गुणा. तो आकडा फ्रिजवर चिकटवा. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

आता अमिनो आम्लं. प्रथिनं त्यांचीच बनलेली. त्यातली नऊ शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. कोलायटिस किंवा क्रोन्ससाठी (क्रोन्स म्हणजे आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) या प्रत्येक आम्लाचा वेगळा आकडा ठरलेला नाही, म्हणून मी निरोगी माणसाचा आकडा किमान धरते. त्या नऊंपैकी लायसिन किलोमागे 30 मिलिग्रॅम, मला साधारण 1560. तांदूळ-गव्हात तेच तोकडं. डाळीत ते भरपूर, पण मेथिओनिन कमी, आणि ते तांदळात आहे. वरणभात ही जोडी म्हणूनच जमते. दोन्ही एकाच घासात हवेत असं काही नाही, दिवसभरात पोटात गेले की झालं. दोन अंड्यांत माझ्या लायसिनची निम्म्याच्या आसपास सोय होते. नऊंपैकीच थ्रिओनिन मला जास्त जवळचं वाटतं, कारण आतड्याच्या आतल्या चिकट अस्तराचं प्रथिन त्यानं भरलेलं असतं. अंडी, पनीर, डाळ, तिन्हीत ते मिळतं.

वरण असं करा. सालं काढलेली मूगडाळ 40 ग्रॅम (आमची आमटीची वाटी जेमतेम पाव भरते) तासभर भिजवा, हळद-हिंग घालून कुकरला चार शिट्ट्या, मग रवीनं इतकी घोटा की दाणा बोटाला लागू नये. पहिले काही दिवस मी गाळणीतूनही काढते. वर तूप, जिरेपूड. मिरची नाही. साडेनऊ ग्रॅम प्रथिनं झाली. क्रोन्समध्ये आतडं कुठे अरुंद झालं असेल तर सालीची उसळ, मोड आलेली कडधान्यं लांबच ठेवा.

बाकीचा दिवस: दोन अंडी 12, दही 200 ग्रॅमचे 7, पनीर 75 ग्रॅमचे 13, दिवसभराचा भात 7, दोन फुलके 5, संध्याकाळी मूगडाळीच्या पिठाचं मऊ धिरडं, त्याचे 6. वरण धरून साठापर्यंत, म्हणजे माझ्या 62 च्या जवळ पोचते. पाच वेळा थोडं थोडं खाते, एकदम ताटभर जेवलं की माझं पोट लगेच हिशेब मागतं. अंडी पूर्ण उकडलेली, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू आहे. आमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, त्यामुळे मागच्या गॅलरीत छोटी शेगडी आली. सासूबाई आता विचारतात, "झाली का गं तुझी अंडी?" दुधानं गुबारा धरत असेल तर दूध सोडा, दही बहुतेकांना पचतं.

भात-तूप कमी करून नुसतं पनीर खाऊ नका. पोटाला उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनंच जाळतं. साबुदाणा त्या बाबतीत बरा, पण त्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाऊगल्लीतली साबुदाणा खिचडी खाऊन "आज जेवण झालं" म्हणणाऱ्या माझ्या भावानं हे जरूर वाचावं.

कोपऱ्यावरच्या जिमचा मुलगा म्हणाला, "काकी, ग्लुटामिन घ्या, आतडं भरून येतं." डब्याची किंमत ऐकून माझंच आतडं आखडलं. ग्लुटामिन हेही एक अमिनो आम्लच, पण त्याच्या पावडरीनं या आजारात फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही. त्या पैशात पनीर किती येईल बघा.

एक चूक मी केली, ती सांगते. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी आलं म्हणून मी तिसरं अंडं सुरू केलं. अल्ब्युमिन सुजेनंही खाली जातं, सूज उतरेपर्यंत नुसत्या खाण्यानं ते वर येत नाही. मी आता दर सोमवारी सकाळी वजन करते आणि हाताचा आधार न घेता पाटावरून उठून बघते. दोन आठवडे लागोपाठ वजन उतरलं, किंवा वरणही खाली जाईना, तर डॉक्टरांना फोन. डायटिशियननं दिलेलं पातळ पोषण-पेयही (फॉर्म्युला) मी एकदा तीन आठवडे प्यायले आहे, चव खडूची.

आजार शांत झाला की किलोमागे 1 ग्रॅम पुरतं. सध्या माझं तेच चालू आहे: रविवारी पोहे, शेव वेगळ्या वाटीत, आणि परात मी एकटी उचलते.