कॅनडातील खुनाचा खटला वाचताना

पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून किंवा घरी मोबाइलवर कॅनडातील एखाद्या खटल्याचा मागोवा घ्यायचा असेल, तर सनसनाटी मालिका बाजूला ठेवून निकालपत्रापासून आरंभ करावा. तेथील निकालपत्रे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. शीर्षकातील ‘आर.’ म्हणजे राजा अथवा राणी, अर्थात सरकार पक्ष.

आपल्याकडे ज्युरी केव्हाच इतिहासजमा झाली असल्याने गोव्यातील वाचक येथे हमखास अडखळतो. खुनाच्या खटल्यात बहुधा बारा जणांची ज्युरी एकमताने निर्णय देते, पण त्याची कारणे सांगत नाही, आणि आतील चर्चा बाहेर फोडणे तर गुन्हाच ठरतो. म्हणून घटनाक्रम जाणून घेण्यासाठी न्यायाधीशांचा शिक्षेसंबंधीचा आदेश किंवा अपिलाचा निकाल शोधावा.

त्यानंतर खुनाची श्रेणी पाहावी. फाशी 1976 मध्ये रद्द झाली. पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे मुख्यतः पूर्वनियोजित, खुनासाठी जन्मठेप होते आणि प्रौढ गुन्हेगाराला 25 वर्षे पूर्ण होण्याआधी पॅरोल, म्हणजे अटींवर तुरुंगाबाहेर सुटका, मागता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे इतर खुनांत, ही मुदत 10 ते 25 वर्षांच्या दरम्यान न्यायाधीश ठरवतात.

निकाल लागला म्हणजे सत्य सापडले, असे मात्र समजू नये. कॅनडातील डेव्हिड मिलगार्ड 1970 मध्ये खुनाच्या खटल्यात दोषी ठरले, 1992 मध्ये सुटले आणि 1997 मध्ये डीएनए चाचणीने निर्दोष सिद्ध झाले. त्यामुळे नंतरच्या तारखांचे कागदही अवश्य चाळावेत.