नाल्यातलं कीटकनाशक पकडायचं तर चकती चौदा दिवस बुडवून ठेवा

यवतमाळकडच्या कपाशीच्या शिवारात मी दोन हंगाम नाल्याचं पाणी बाटलीत भरून लॅबला पाठवलं. अहवाल जवळजवळ कोरे. फवारणीनंतर जोराची सर आली की वावरातलं औषध तास-दोन तासांत नाल्यात उतरतं आणि पुढे निघूनही जातं. आपण बाटली घेऊन पोचतो दुसऱ्या दिवशी.

म्हणून आता पॅसिव्ह सॅम्पलर लावते, म्हणजे पाण्यात बुडून राहून औषध आपोआप शोषणारं साधन. मी वापरते ती ‘पोसिस’ नावाची चकती: दोन पातळ पडद्यांच्या मधे साधारण 200 मिलिग्रॅम शोषक पूड, बाहेरून स्टीलच्या कड्या. इमिडाक्लोप्रिडसारखी पाण्यात विरघळणारी औषधं त्यात हळूहळू साठतात. सायपरमेथ्रिन गाळाला चिकटतं, त्यासाठी सिलिकॉनची पट्टी लागते. ॲसिफेट मात्र पाण्यात इतकं विरघळतं की ही पूड त्याला नीट धरून ठेवत नाही. ते चकतीत दिसलं नाही म्हणून नाल्यात नाही, असं समजू नका.

जागा वाहत्या पाण्याची निवडा, डबकं नको. चकती ठेवलेला जाळीचा पिंजरा तळाच्या गाळापासून वीतभर वर राहील असा करंजाच्या मुळाला तारेनं बांधा, आणि तो कायम बुडालेला राहायला हवा. पाऊस ओढ देतो तेव्हा पाणी झरझर उतरतं, म्हणून मधे एक चक्कर माराच. चकमकणारा पिंजरा पोरांच्या नजरेत भरतो. शेजारच्या शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवलं तर तोच राखण करतो.

सगळ्यात मोलाची चकती म्हणजे पाण्यात न घातलेली. लावताना आणि काढताना ती बाकीच्या चकतीइतकाच वेळ हवेत उघडी ठेवायची, म्हणजे पाण्याबाहेरून किती औषध लागलं ते कळतं. एकदा पलीकडच्या वावरात फवारणीचा पंप सुरू असताना मी डबा उघडला, तर या कोऱ्या चकतीतही इमिडाक्लोप्रिड निघालं. पंधरवडा पाण्यात गेला! हातमोजे घाला आणि डास पळवायचं मलम त्या दिवशी लावू नका.

चौदा दिवसांनी काढताना शेवाळ घासू नका, पडदा फाटतो. नाल्याच्याच पाण्यात हलकेच विसळा, ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा, बर्फावर घेऊन या आणि लॅबला जाईपर्यंत उणे 20 अंशांवर ठेवा.

हिशेब सोपा आहे. समजा चकतीत 42 नॅनोग्रॅम सापडलं आणि त्या औषधाचा शोषणाचा वेग दिवसाला 0.2 लिटर आहे, म्हणजे चकती रोज तेवढ्या पाण्यातलं औषध शोषते. 0.2 गुणिले 14 म्हणजे 2.8 लिटर, आणि 42 भागिले 2.8 म्हणजे लिटरमागे 15 नॅनोग्रॅम. हा वेग प्रवाह आणि तापमानानुसार बदलतो, त्यामुळे आकडा अंदाजाचाच.

शिवाय ही पंधरवड्याची सरासरी. सरीच्या वेळचा उच्चांक त्यात विरून जातो. तो हवा असेल तर जवळच एक खुंटी ठोका आणि नेहमीच्या पातळीच्या वर रिकामी बाटली बांधा. झाकणात दोन बारीक नळ्या बसवायच्या, एकीतून पाणी आत येतं, दुसरीतून हवा बाहेर जाते. नाला चढला की बाटली आपोआप भरते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढी काढून आणायची.